रखमाबाईंच्या घरचे कागद

डॉक्टर रखमाबाई हे नाव आपल्या मंडळातल्या बहुतेकींच्या ओळखीचे आहे. लहानपणी लावून दिलेले लग्न त्यांनी मोठेपणी मानले नाही. नवऱ्याने कोर्टात खेचले, तुरुंगाचा हुकूम झाला, तरी त्या नमल्या नाहीत. पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटकडे त्यांनी आयुष्यभर बायकांची औषधपाण्याची सेवा केली. २०१६ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तोही पुष्कळजणींनी पाहिला. मग पुन्हा तीच कथा वर्धापनदिनाच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण एवढेच की, मी या घरात पुढच्या दाराने शिरलेली नाही. एका वकिलांच्या कचेरीत मी तीस वर्षे दस्तांच्या नकला केल्या. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, चतुःसीमा कोणत्या, साक्षीला कोण बसले, हे बघण्याची डोळ्यांना अशी सवय लागली आहे की, एखाद्या थोर बाईचे चरित्र वाचतानाही मी आधी मिळकत कोणाच्या नावावर होती ते शोधते. रखमाबाईंच्या बाबतीत ही खोड उपयोगी पडली. त्यांच्या आयुष्यातले पहिले मोठे वळण लग्न हे नव्हतेच. ते होते एक हस्तांतर.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई, आणि आईचे वडील हरिश्चंद्र यादवजी. घर सुतार जातीचे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबई शहराची पहिली रीतसर खानेसुमारी झाली होती आणि शहराची वस्ती ८ लक्ष १६ हजार ५६२ भरली होती. कापसाच्या तेजीचे ते दिवस. अमेरिकेत यादवी चाललेली, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला आणि गावोगावची माणसे मुंबईत लोटलेली. १८६५ साली तो फुगा फुटला. १८७२ च्या मोजणीत तीच वस्ती ६ लक्ष ४४ हजारांवर आली. एवढ्या उलथापालथीत एका घराचा कर्ता पुरुष गेला. रखमाबाई तेव्हा दोन-अडीच वर्षांच्या होत्या आणि जयंतीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या.

इथे जरा थांबून नावांकडे पाहा. जनार्दन पांडुरंग, सखाराम अर्जुन, दादाजी भिकाजी, नारायण धर्माजी, हरिश्चंद्र यादवजी. त्या काळच्या मुंबईत माणूस स्वतःचे नाव आणि बापाचे नाव लिही. आडनाव असे, पण कागदावर ते येईलच असे नाही. त्यामुळे एका नावातून दोन पिढ्या हाती लागतात आणि कुळाचा शोध घेणाऱ्याला आनंद होतो. पण त्यातच फसगतही आहे. पांडुरंग नावाचे बाप शहरात शेकड्याने असतील. एका पांडुरंगाचा मुलगा दुसऱ्या पांडुरंगाच्या मुलाचा भाऊ ठरवायला नुसते नाव पुरत नाही. दुसरा दस्त लागतो, सामाईक साक्षीदार लागतो, चतुःसीमेत तेच घर यावे लागते. आणि बायकांचे? बायकांच्या नावापुढे बहुधा काहीच नाही, नाहीतर अमक्याची विधवा एवढेच. रखमाबाईंचा खटला कायद्याच्या पुस्तकांत कायमचा छापला गेला आहे, तो दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई असा. एकीकडे बापासकट पुरुष आणि दुसरीकडे नुसती एक बाई. गंमत म्हणजे हे एकटे नाव त्यांनी पुढे स्वतःहून पत्करले. १८९० साली विलायतेच्या एका मासिकात त्यांनी बालविवाहावर लेख लिहिला, तोही नुसत्या रखमाबाई या नावाने. आज आपण त्यांना रखमाबाई राऊत म्हणतो, पण ते आडनाव सावत्र वडिलांचे.

हे सावत्र वडील म्हणजे डॉक्टर सखाराम अर्जुन. या लेखातले खरे घर त्यांचे आहे. १८३९ सालचा जन्म, ग्रँट मेडिकल कॉलेजातले शिक्षण, आणि पुढे तिथेच शिकवण्याचे काम. वनस्पतिशास्त्राचा त्यांना मोठा नाद. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांनी केलेली यादी १८७९ साली प्रसिद्ध झाली. वैद्यक आणि बाळंतपण या विषयांवर त्यांनी मराठीतून पुस्तके लिहिली. इंग्रजीतून शिकलेल्या डॉक्टराने त्या काळी सुईणीच्या विषयावर आपल्या भाषेत लिहायचे, ही लहान गोष्ट नव्हे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत निसर्ग-इतिहासाची जी संस्था आठ गृहस्थांनी स्थापली, ज्या संस्थेला आज आपण बीएनएचएस म्हणून ओळखतो, त्या आठांत सहा साहेब होते आणि दोन आपले: एक डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे सखाराम अर्जुन.

ते विधुर होते. जयंतीबाईंशी त्यांनी लग्न केले तेव्हा रखमाबाई आठ वर्षांच्या होत्या. सुतारांत विधवेने पुन्हा लग्न करण्याची चाल होती. ब्राह्मण, परभू यांच्या घरी जो गहजब उडाला असता तसा इथे उडण्याचे कारण नव्हते. म्हणून जयंतीबाईंचे दुसरे लग्न हे सुधारकांच्या कागदांत गाजलेले दिसत नाही. पण जातीची चाल मोकळी असली तरी सरकारचा कायदा तेवढा मोकळा नव्हता, आणि इथे माझ्यातली जुनी कारकून जागी झाली.

१८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण शाळेत शिकलो तो विधवांना मुक्त करणारा म्हणून. त्याचे दुसरे कलम शाळेत कोणी शिकवत नाही. विधवेने पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपतो, जणू ती मेलीच आहे असे समजून ती मिळकत नवऱ्याच्या पुढच्या वारसाकडे जाते, असे ते कलम. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. जयंतीबाईंच्या हाती पहिल्या नवऱ्यामागे राहिलेली मिळकत होती. दुसरे लग्न करताना त्यांनी ती आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या नावे करून दिली. चरित्रांत हे वाक्य येते आणि पुढे सरकते. आईची माया, एवढा अर्थ आपण काढतो. माया होतीच. पण मुलगा नसलेल्या हिंदू माणसाची वारस आधी विधवा आणि विधवेनंतर मुलगी. तेव्हा आईने दिले नसते तरी कायद्याने ते मुलीकडेच जायचे होते. जयंतीबाईंनी काय केले, तर कोणी भाऊबंद उठून भांडायच्या आत ती गोष्ट स्वच्छ करून टाकली. सतराव्या वर्षी विधवा झालेली आणि तेविशीच्या आसपास नवा संसार मांडणारी ही बाई मला या कथेतली सर्वांत व्यवहारी व्यक्ती वाटते आणि तिच्याविषयी पुरेसे कोणी लिहीत नाही याचे मला वाईटही वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बापाकडून मुलीला आलेली मिळकत बंगालकडे किंवा मद्रासेकडे तिला हयातीपुरतीच मिळे. ती विकायची, दान द्यायची मोकळीक नसे. मुंबई इलाख्यात मात्र जुन्या धर्मशास्त्राच्या आधाराने ती तिला पूर्ण मालकीने मिळे. म्हणजे १८७२-७३ च्या सुमारास मुंबईत एक आठ वर्षांची पोर स्वतःच्या मिळकतीची धनीण झाली होती. अशा मुलीचे लग्न हा साधा प्रश्न राहत नाही.

ते लग्न तिच्या अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, चुलत भावांपैकी. घरची गरिबी. मुलाने डॉक्टरांच्या घरी राहावे, त्यांच्या खर्चाने शिकावे आणि माणसात यावे, असे ठरले. थोडक्यात घरजावई. असे स्थळ का निवडले? लाडकी मुलगी घरातच राहावी म्हणून, असे सरळ उत्तर आहे. मला दुसरेही दिसते. परक्या घरी मुलगी गेली की तिच्याबरोबर मिळकतही दुसऱ्यांच्या उंबरठ्यात जाते. नात्यातला मुलगा घरी आणला की दोन्ही राहतात. आपल्याकडे मामेभाऊ-आतेबहिणीची लग्ने ज्या हिशेबाने होत आली, तोच हा हिशेब. सखाराम अर्जुन थोर गृहस्थ खरेच, पण अकरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाला तेही उभे राहिले, हे झाकण्यात अर्थ नाही.

मात्र लग्नानंतर त्यांच्यातला डॉक्टर आडवा आला. मुलगी न्हाती झाली की गर्भाधान उरकायचे, ही रीत. सखाराम अर्जुन यांनी ते होऊ दिले नाही. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने काय होते हे त्यांनी पुस्तकात लिहिले होते आणि खाटेवर पाहिले होते. दादाजीला ही गोष्ट रुचली नाही. शिक्षणही रुचले नाही; विसाव्या वर्षी खालच्या इयत्तेत पोरांबरोबर बसण्याची लाज वाटली असेल तर ते मी समजू शकते. काही महिन्यांत त्याची आई वारली आणि तो मामा नारायण धर्माजी यांच्या घरी राहायला गेला. तिथले वळण बरे नव्हते. शाळा सुटली, कर्ज झाले. रखमाबाई आईजवळच राहिल्या. शाळा त्यांना नव्हती. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणायची आणि घरी एकटीने वाचायची. घरी येणारी-जाणारी माणसे सुधारक मंडळी. मुंबईच्या आर्य महिला समाजात त्या जाऊ लागल्या आणि त्याच्या चिटणीसही झाल्या. आपल्यासारख्या मंडळाचे इतिवृत्त लिहिणारी ती बाई होती, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

आता १७ फेब्रुवारी १८८१ ची रात्र डोळ्यांपुढे आणा. त्या रात्री साऱ्या हिंदुस्थानात एकाच वेळी शिरगणती झाली. शिरगणतीचा कारकून डॉक्टरांच्याही दारी गेला असणार. त्याच्या तक्त्यात नाव, धर्म, जात, वय यांबरोबर एक रकाना होता: लग्न झालेले, न झालेले की विधवा. घरच्या बायकांची नावे सांगायला कोणाची हरकत असली तर नुसते स्त्री असे लिहावे, अशीही मुभा त्याला होती. रखमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. वर्षानुवर्षे आईच्या घरी राहणाऱ्या, नवऱ्याशी एक दिवस संसार न केलेल्या मुलीसाठी त्या रकान्यात दुसरा शब्द नव्हता. विवाहित हाच लिहायचा. आपल्याकडे घरोघरच्या नोंदींचे ते तक्ते बेरजा झाल्यावर जपून ठेवले जात नसत. विलायतेत ठेवतात, आणि लोक आपल्या पणजोबांना त्यांत नावानिशी शोधून काढतात. आपल्या हाती उरतात त्या बेरजा. इतक्या वयाच्या इतक्या विवाहित मुली, असा एक मोठा आकडा. त्या आकड्यात एक रखमाबाई.

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलाची नोटीस सखाराम अर्जुन यांना आली. बायकोला माझ्याकडे पाठवण्यात अडथळा करू नका, असा तिचा मतलब. तोवर मुलगी वीस वर्षांची व्हायला आली होती. इतकी वर्षे गप्प बसलेला नवरा आताच का जागा झाला, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी पुढे दिले आणि दोन्ही उत्तरांत मिळकत आहे. १८८७ साली दादाजीच्या नावाने एक पुस्तिका निघाली. तिच्यात म्हटले होते की, जयंतीबाईंना आणि हरिश्चंद्र यादवजींना त्या मिळकतीचा मोह सुटत नाही, मुलगी सासरी गेली तर मिळकतही जाईल, म्हणून त्यांनी तिचे कान भरले. रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून त्याला उत्तर दिले. त्यांच्या बाजूचे म्हणणे उलट: नवऱ्याला बायको नको आहे, तिच्या नावावरचे धन हवे आहे आणि त्याचा मामा त्याला पुढे ढकलतो आहे.

यात खरे कोणाचे? माझे मत विचाराल तर मिळकतीचा विचार दोन्ही घरांत होता, आणि असला तर त्यात नवल काय? मूल नसलेली बायको आधी गेली तर तिच्या स्त्रीधनाचा वारस बहुधा नवराच ठरे. म्हणजे ते लग्न कागदावर उभे होते तोवर दादाजीचा एक धागा त्या मिळकतीत अडकलेला होता. पण मिळकत हेच जर जयंतीबाईंच्या मनात असते, तर सर्वांत स्वस्त मार्ग होता तो मुलीला पाठवून देण्याचा आणि जावयाला आपल्या मुठीत ठेवण्याचा. हायकोर्टात लढणे हा मिळकत राखण्याचा मार्ग नव्हे. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी वकिलाचे बिल भरले आहे त्या भगिनींना हे समजावून सांगायला नको.

दावा चालू असतानाच १६ एप्रिल १८८५ रोजी सखाराम अर्जुन वारले. शेहेचाळीस वर्षांचे वय. घरातला पुरुष आधार गेला. दोनच महिन्यांनी, २६ जून रोजी, टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीचे पत्र आले, नाव न घालता. बालविवाहामुळे मुलींचे शिकणे कसे खुंटते ते त्यात मांडले होते. सप्टेंबरात दुसरे पत्र आले, ते विधवांच्या स्थितीवर. ती पत्रे रखमाबाईंची होती. सावत्र बाप गेल्यावर सुतकात बसून न राहता या मुलीने लेखणी उचलली, ती वेळ मला फार बोलकी वाटते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. रखमाबाईंच्या बाजूने ॲडव्होकेट-जनरल लॅथम, इन्व्हेरॅरिटी आणि आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग असे तिघे उभे होते. दावा दांपत्यहक्क परत मिळवण्याचा होता. पिन्ह्यांनी म्हटले की, जे कधी सुरूच झाले नाही ते परत मिळवायचे कसे? आणि असला दावा हिंदू धर्मशास्त्रातला मुळी नाहीच, तो विलायतच्या धर्मपीठांतून आलेला आहे. एका तरुणीला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या घरी लोटणे रानटीपणाचे होईल. हा निकाल पुढे टिकला नाही. १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो फिरवला आणि प्रकरण पुन्हा चालवायला पाठवले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी कळवले की, तुरुंगात जाईन. विरोधाभास असा की, ज्या इंग्लंडातून हा दावा आला होता तिथे त्यासाठी तुरुंगात टाकणे १८८४ सालीच बंद झाले होते. आपल्याकडे ते १९२३ पर्यंत पुस्तकात राहिले.

वर्तमानपत्रांत तेव्हा काय रण माजले ते सगळे इथे सांगत बसत नाही. मलबारी एका बाजूला, टिळकांचा केसरी दुसऱ्या बाजूला, पंडिता रमाबाईंनी मदत केली, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्ड्सवर्थ यांच्यासारखी मंडळी साहाय्यक समितीत आली. ज्यांना ती चर्चा हवी त्यांनी मोहिनी वर्दे यांचे मराठी चरित्र वाचावे. आपल्या वाचनालयात नसेल तर आणवून घ्यावे. मला सांगायचे आहे ते शेवटच्या कागदाविषयी.

लोकांत अशी एक गोष्ट पसरलेली आहे की, रखमाबाईंनी व्हिक्टोरिया राणीला अर्ज केला, राणीने मध्ये पडून ते लग्न मोडले आणि सारे संपले. गोष्ट म्हणून छान आहे. प्रकरण मिटले ते मात्र तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन आपला दावा सोडला. बस्स. एवढ्या गाजलेल्या लढ्याचा शेवट म्हणजे दोन हजारांची एक पावती. त्यात लग्न मोडले असे कोणी ठरवले नाही. हुकूम अमलात आणायचा नाही, एवढेच दादाजीने कबूल केले. राणीच्या गोष्टीने आपण हे विसरतो की, रखमाबाईंना न्याय कोणी दिला नाही. सुटका विकत घ्यावी लागली. आणि कागदोपत्री त्या दादाजींच्या पत्नी राहिल्याच.

हा फरक नुसता वकिली नाही, हे सांगण्यासाठी जरा आजच्या गोष्टीवर येते. आमच्या आळीतल्या किती बहिणींनी भावाच्या एका निरोपासरशी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आहेत, ते त्यांनाच विचारा. कागदात काय होते असे विचारले की सांगतात, दादा म्हणाला सही कर. आपल्या महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा मिळाला, साऱ्या देशात २००५ साली. सही करायची तर जरूर करावी, भावावरचे प्रेम मोठे आहे. पण वाचून करावी. जयंतीबाईंना लिहिता-वाचता किती येत होते कोण जाणे, पण कोणता कागद कधी करायचा हे त्यांना कळत होते.

१८८९ साली रखमाबाई बोटीने विलायतेला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांनी पाठबळ दिले, मॅक्लॅरन दांपत्याने तिकडे आसरा दिला, इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत त्या पाच वर्षे शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. त्या तिकडे असतानाच १८९१ साली इथे संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहाचे बारा झाले; त्या चर्चेत रखमाबाईंच्या खटल्याचे नाव वारंवार निघाले होते. सखाराम अर्जुन यांच्या घरात वैद्यकी आली ती त्यांच्या रक्ताच्या वारसाकडून नव्हे, तर या सावत्र मुलीकडून पुढे गेली. वारसापत्रात ही गोष्ट कुठे लिहीत नाहीत.

परत आल्यावर त्यांनी सुरतेला बायकांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला आणि वीस वर्षांहून अधिक काळ तो सांभाळला. सुरुवातीला बाळंतपणाला कोणी बाई येईना. दवाखान्यात बाळंत व्हायचे म्हणजे मरायचेच, ही समजूत. तेव्हा म्हणे त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिचे बाळंतपण केले आणि शेळी सुखरूप असल्याचे बायकांना दाखवले. सांगोवांगीची गोष्ट असेल, पण माणूस कळतो. पुढे १९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या, आणि १९३० च्या आसपास निवृत्त होऊन मुंबईला परतल्या. निवृत्तीच्या वयातही पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी लेख लिहिला.

मध्यंतरी १९०४ साली दादाजी भिकाजी वारले. रखमाबाई तेव्हा चाळिशीच्या होत्या, सुरतेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, कोणाला त्या जुन्या लग्नाची आठवणही देण्याचे कारण नव्हते. त्यांनी पांढरे पातळ नेसायला सुरुवात केली. या गोष्टीने अनेक वाचकांचा विरस होतो. जिने तुरुंग पत्करला पण त्या माणसाच्या घराची पायरी चढली नाही, तिने त्याच्यासाठी वैधव्य का पाळावे? माझ्या मैत्रिणीला हे आवडत नाही. ती म्हणते, लोकांच्या भीतीने. मला तसे वाटत नाही. लोकांना भिणारी बाई ती नव्हती. मला वाटते, कायद्याने जो शब्द त्यांच्या नावापुढे लिहून ठेवला होता तो कोणी खोडून दिला नव्हता, तेव्हा त्या कागदाचा हिशेब त्यांनी स्वतःच्या हाताने पुरा केला. सुरतेच्या सनातनी घरांत माजघरापर्यंत जायचे तर पांढऱ्या पातळाची सोय होती, हेही असेल. १९०१ च्या शिरगणतीत सुरतेच्या कारकुनाने त्यांना विवाहित लिहिले असेल आणि १९११ च्या शिरगणतीत विधवा. दोन्ही रकाने बरोबर, आणि त्या दोन्हींत एक दिवसाचाही संसार नाही.

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाहाचा कायदा देशात लागू झाला. हिंदू बाईला कोर्टात जाऊन लग्न मोडून मागता येऊ लागले. बालपणी लागलेल्या लग्नाला नकार देण्याचा हक्क त्यात पुढे १९७६ साली आला. दांपत्यहक्काचा दावा मात्र त्याच कायद्याच्या नवव्या कलमात बसवून ठेवला. रखमाबाई त्या वेळी नव्वद वर्षांच्या होत्या आणि मुंबईतच होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. मुलींना बापाच्या मिळकतीत वाटा देणारा वारसाहक्काचा कायदा पुढच्या वर्षी जूनमध्ये आला.